गोष्ट हवी, पुस्तक नको : वाचायला यायला लागल्यापासून मुलगा पुस्तकाला हात लावत नाही

कर्वेनगरकर | ५ डिसेंबर, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस लिहू की नको करत होते, आज बसलेच.

माझा मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत आहे. मराठी माध्यम, आम्ही दोघांनी ठरवून घातलंय. वर्षाचा असल्यापासून रोज रात्री त्याला पुस्तक वाचून दाखवायचो, कधी मी, कधी त्याची आजी. एका हत्तीच्या पुस्तकाची तर इतकी पारायणं झाली की पान उलटायच्या आत पुढचं वाक्य तोच म्हणायचा. जूनमध्ये शाळा सुरू झाली. दिवाळीपर्यंत अक्षरं लागली, काना-मात्रा यायला लागल्या, आणि त्या आनंदात मी म्हटलं, "आता तुला येतं ना वाचता? मग आजपासून तू वाचायचं, मी ऐकणार." तेव्हापासून पुस्तक काढलं की याला तहान लागते, शू लागते, पोटात दुखतं.

परवा बळेच बसवलं. बोट ठेवून "पि... श... वी... त" करत एक ओळ कशीबशी संपवली, मग मान वर करून विचारतो, "आई, अजून किती पानं राहिली?" नावडती भाजी असली की "अजून किती घास?" विचारतो ना, अगदी त्याच आवाजात. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

घरात साठेक पुस्तकं आहेत. मोबाइल त्याच्या हातात देत नाही, टीव्ही अर्धा तास. आजी तोंडी गोष्ट सांगायला लागली की तासभर जागचा हलत नाही. मग पुस्तकाने काय घोडं मारलंय? माझं काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा, राग मानणार नाही.

पेठेतले_आजोबा | ६ डिसेंबर, पहाटे ५:५०

तुमच्या वयाची मुलगी आहे मला, म्हणून अधिकाराने लिहितो. पुस्तकाने काही केलेलं नाही. पुस्तकाबरोबर तुमची मांडी होती, तुमचा आवाज होता, तो गेला. "तुला येतं, आता तू वाच" याचा त्याने लावलेला अर्थ असा, की वाचायला शिकलं की आई जवळ घेऊन वाचणं बंद करते. मग कोण शिकेल?

माझे वडील शनिवार पेठेत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. जास्तीचे पैसे म्हणून मुद्रितं, म्हणजे छपाईआधीचे कच्चे छाप, तपासायला घरी आणायचे. जेवणं झाली की कंदिलाशी बसून ते मोठ्याने वाचायचे आणि आई मूळ हस्तलिखितावर बोट ठेवून जुळतंय का बघायची. आम्ही चौघं भावंडं गोधडीत. बाजारात यायच्या आधी गोष्टी आमच्या घरात वाचल्या जायच्या. एक फर्मा म्हणजे सोळा पानं, आणि फर्मा संपला की गोष्ट तिथेच थांबायची, मग वाक्य अर्धं का असेना. पुढचा फर्मा चार दिवसांनी. ते चार दिवस आम्ही भावंडं पुढे काय झालं असेल यावर भांडायचो. मला तिसरीतच चांगलं वाचता येत होतं, तरी सातवीपर्यंत मी वडिलांच्या तोंडूनच ऐकलं. त्याने माझं वाचन मागे पडलं नाही. उलट दर शनिवारी नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालयात वडिलांचं बोट धरून जायचो. (हे ग्रंथालय १९११ सालचं. पुणे नगर वाचन मंदिर तर त्याहून जुनं, १८४८ चं. या गावाला वाचनाची सवय फार जुनी आहे.)

आज रात्री पुस्तक तुम्ही हातात घ्या. तो ऐकू दे.

रात्रपाळी | ६ डिसेंबर, सकाळी ७:२०

आजोबा, फर्म्याची आठवण वाचून अंगावर काटा आला. आणखी लिहा.

खडू_फळा | ६ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

मी महापालिकेच्या शाळेत एकोणीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवते. आजोबांशी पूर्ण सहमत, पण त्यामागचं कारण जरा उलगडून सांगते, कारण पालक इथेच हमखास अडकतात.

आपण मोठी माणसं 'पिशवी' हा शब्द एका नजरेत घेतो. साडेसहा वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. त्याला आधी दिसते ती वेलांटी, पण ती उच्चारायची 'प' नंतर. म्हणजे डोळा एका क्रमाने जातो आणि जीभ दुसऱ्या. मग आपल्या 'र'कडे बघा. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पोटाला तिरकी रेघ होतो, 'राष्ट्र'मध्ये पायाशी टोपी होतो आणि 'सुऱ्या'मध्ये आणखीच निराळा. आवाज एकच, रूपं चार. हे सगळं सोडवत ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात डोक्यातून निघून गेलेली असते. गोष्ट लागतच नाही. मग तो पानं मोजणार नाही तर काय करेल?

गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये याची फार सोपी मांडणी केली. वाचन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार : लिहिलेलं उलगडता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. तुमच्या मुलाची दुसरी बाजू मस्त भरलेली आहे, पाच वर्षं तुम्ही ती भरलीत. पहिली बाजू आत्ता कुठे रांगतेय. या वयात कानाने समजणारी गोष्ट ही डोळ्याने वाचता येणाऱ्या गोष्टीच्या कितीतरी पुढे असते. कान ज्याचे राजवाड्यात फिरून आलेत त्याला तुम्ही "कमल घर बघ" वाचायला दिलं तर त्याचा हिरमोड होणारच.

म्हणून दोन वेळा वेगळ्या करा. शाळेचा वाचनाचा सराव दिवसाउजेडी, दहा मिनिटं, संपला की संपला. रात्रीची गोष्ट तुमच्या आवाजात, तिथे परीक्षा नाही. "हा शब्द काय आहे सांग बरं" नाही. "तात्पर्य काय?" तर अजिबात नाही. बोलू नका असं म्हणत नाही हं. "बापरे, आता हा पडणार बघ" असं जरूर म्हणा, त्याला मध्येच बोलू द्या, भलतंच बोलला तरी ऐका. उत्तर आपल्याला माहीत असलेला प्रश्न म्हणजे परीक्षा, आणि ती मुलाला लगेच कळते.

आणखी एक. वाचताना बोट ओळीखालून सावकाश फिरवत राहा. त्याला बघायला सांगू नका. नुसतं फिरवा.

शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये गुजरातेत भावनगरला बालमंदिर सुरू केलं तेव्हापासून आपल्याकडे हा मार्ग मळलेला आहे : आधी गोष्ट, मग बाकीचं. आम्हीच पुन्हा पुन्हा उलटा धरतो.

कर्वेनगरकर | ६ डिसेंबर, रात्री १०:३०

आजोबा, ताई, काय बोलू. "वाचायला शिकलं की आई वाचणं बंद करते" हे वाचून गलबलून आलं. असं मनातही नव्हतं, पण त्याच्या बाजूने बघितलं तर तसंच झालंय.

आज हत्तीचंच पुस्तक काढलं. पहिल्या पानाला तो लांब, भिंतीकडे तोंड करून. मी वाचत राहिले. चौथ्या पानाला पाय माझ्या पायावर आला. बाकी काही नाही, एवढंच.

बाणेरची_आई | ७ डिसेंबर, दुपारी २:१५

धागा अगदी वेळेवर आला. आमची अडचण थोडी निराळी. मुलगी आठ वर्षांची, इंग्रजी माध्यमात. इंग्रजी जाडजूड पुस्तकं फडाफड वाचते. घरात आम्ही शुद्ध मराठी बोलतो, भांडणंही मराठीतच. पण मराठी पुस्तक दिलं की म्हणते, "यातले लोक असं का बोलतात?" मला आधी कळेना. मग तिने दाखवलं : 'ती घरी गेली नव्हती आणि तिचे दप्तर हरवले होते'. ती म्हणाली, "आई, 'दप्तर हरवले होते' असं कोण म्हणतं?"

खरंच, कोण म्हणतं?

पेठेतले_आजोबा | ७ डिसेंबर, संध्याकाळी ५:०५

मी सरळ बदलून वाचतो. 'हरवले होते' असेल तर 'हरवलं होतं'. 'तो वृक्षाआड दडला' असेल तर 'झाडामागे लपला'. नातीला कळतही नाही. गोष्ट पळती राहते.

खडू_फळा | ७ डिसेंबर, रात्री ९:१०

आजोबा, इथे तुमच्याशी थोडी भांडते. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी बदला, खुशाल बदला. पण जे मूल अक्षरांवर नजर ठेवायला लागलंय त्याच्यासाठी लिहिलंय तेच वाचा. कान आणि डोळा यांची गाठ बांधायचं वय ते हेच. त्याला 'वृक्ष' दिसतोय आणि ऐकू येतंय 'झाड', तर ती गाठ सैल राहते. शिवाय 'दडला' हा शब्द त्याला आणखी कुठे मिळणार? आपण रोजच्या बोलण्यात फार थोड्या शब्दांवर भागवतो. धुकं, कपार, हुरहूर, दबकत हे शब्द मुलाला मिळतात ते गोष्टीतच.

बाणेरच्या ताई, तुमच्या मुलीने चूक काढली नाही, निरीक्षण केलंय. तिला मोकळेपणाने सांगा की जुन्या पुस्तकांत लिहायची भाषा आणि बोलायची भाषा वेगळी ठेवायची पद्धत होती. आता बोलीतल्या मराठीत लिहिलेली मुलांची पुस्तकं भरपूर आहेत, आधी ती द्या. विकत घेण्याआधी एक पान दुकानातच मोठ्याने वाचून बघायचं. जीभ अडखळली तर ठेवून द्यायचं. आणि आठ वर्षांची, वाचनाची चटक लागलेली मुलगी आहे, तिला मराठीतही चटकन गोडी लागेल. फक्त सुरुवातीला मराठीत तिच्या इंग्रजीपेक्षा सोपं पुस्तक लागेल. तिला ते बाळबोध वाटू नये म्हणून विनोदी निवडा.

पेठेतले_आजोबा | ७ डिसेंबर, रात्री ९:४०

मान्य. माझी नात चारचीच आहे, तोवर बदलतो. पुढच्या वर्षीपासून 'दडला'.

रात्रपाळी | ८ डिसेंबर, पहाटे ४:३०

मी चाकणला कंपनीत आहे. आठवड्याला पाळी बदलते. एका आठवड्यात मुलीची झोपायची वेळ आणि माझी बस पकडायची वेळ एकच. बायको दहावीपर्यंत शिकलीय, पण मोठ्याने वाचायची तिला लाज वाटते, अडखळेन म्हणते. "आईवडिलांनी रोज वाचून दाखवावं" असं सगळे लिहितात, ते वाचून मला अपराधी वाटायचं.

आता मी काय करतो ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर बरं. कंपनीत अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी असते. तेव्हा बाहेर दुचाकीच्या पार्किंगमध्ये जाऊन पाच मिनिटांची गोष्ट माझ्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी पाठवतो. पुस्तकाची एक प्रत घरी, एक माझ्या डब्याच्या पिशवीत. पातळ पुस्तकं, वीस-तीस रुपयांची, दोन दोन घेतो. पान संपलं की मी म्हणतो, "उलट गं चिमणे." मुलगी पुस्तक उघडून बसते, फोन उलटा ठेवलेला. फोनमधून नुसता आवाज, चित्र पुस्तकातलं. मागून यंत्रांचा आवाज येतो, ती म्हणते बाबांच्या गोष्टीत पाऊस पडतो.

महिनाभराने बायकोच माझ्या आवाजाबरोबर पुटपुटायला लागली. आता ती एकटीही वाचते. अडखळते. मुलीला काही फरक पडत नाही.

बाणेरची_आई | ८ डिसेंबर, सकाळी ८:००

दादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. आमच्याकडे दोघंही घरून काम करतो आणि तरी वेळ नाही म्हणतो. आजपासून सबब बंद.

उशिरा_कळलं | ९ डिसेंबर, दुपारी १२:२०

एक वेगळी बाजू मांडते, कारण आमची दोन वर्षं वाया गेली. मुलाला पहिली-दुसरीत वाचायचं म्हटलं की असंच पोटात दुखायचं. शाळेतून दर महिन्याला एकच निरोप, आळशी आहे, घरी लक्ष द्या. आम्हीही ओरडलो, एकदा तर हातही उचलला, ते आठवलं की आजही जीव तुटतो. तिसरीत एका समुपदेशक ताईंनी तपासणी करायला सांगितलं तेव्हा कळलं की त्याला डिस्लेक्सिया आहे. हुशारीचा त्याच्याशी काही संबंध नाही. अक्षर आणि आवाज यांची जोडी लावायला त्याच्या मेंदूला जास्त कष्ट पडतात.

कर्वेनगरच्या ताईंचा मुलगा अजून लहान आहे आणि सहा महिन्यांत एवढं वाचतोय म्हणजे घाबरायचं काही कारण दिसत नाही. पण ज्यांच्या मुलांना दुसरी संपत आली तरी रोज बघितलेलं अक्षर पुन्हा नवीन वाटतं, बडबडगीतातलं यमक जुळवता येत नाही, तोंडी सगळं येतं आणि कागदावर काही उतरत नाही, त्यांनी वाट बघत बसू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग तज्ज्ञांकडून मूल्यमापन. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ठरलेल्या सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत सवलतीही मिळतात.

पण या धाग्याच्या विषयाचं सांगायचं तर, त्या सगळ्या काळात त्याला पुस्तकांपासून तुटू दिलं नाही ते माझ्या सासूबाईंनी. शाळेत रोज अपमान, घरी आमचा ओरडा, आणि रात्री आजी मात्र तिच्या जाड चष्म्यातून त्याला गोष्टी वाचून दाखवायची. त्याला वाचता येत नव्हतं, पण पुस्तकात काय असतं हे त्याला पक्कं माहीत होतं. पुढे उपचारात्मक शिकवणी लागली तेव्हा त्या बाई म्हणाल्या, याला वाचायचंय, म्हणून काम सोपं झालं. आज सहावीत आहे. सावकाश वाचतो. वाचतो पण.

खडू_फळा | ९ डिसेंबर, रात्री ८:५०

ताई, हे लिहिल्याबद्दल हात जोडते. आमच्या वर्गातही असं मूल असतंच. साठ वह्या तपासताना त्याला आळशी म्हणणं सोपं असतं. मीही सुरुवातीच्या वर्षांत म्हटलंय. आज ती मुलं भेटली तर त्यांची माफी मागावीशी वाटते.

धायरी_वाचनकट्टा | १० डिसेंबर, सकाळी ११:००

आमच्या सोसायटीत दीड वर्षापूर्वी मुलांसाठी पुस्तकांचा कट्टा सुरू केला. आधी कपाटात पुस्तकं उभी लावली होती, कणा बाहेर. कुणी फिरकेना. मग एका ताईंनी जिन्याखाली कपडे वाळत घालायची दोरी बांधली, मुलांच्या उंचीला, आणि चिमट्यांनी पुस्तकं मुखपृष्ठ पुढे करून टांगली. त्याच संध्याकाळी अर्धी दोरी रिकामी झाली. लहान मूल नाव वाचून पुस्तक निवडत नाही, चित्र बघून निवडतं. इतकी साधी गोष्ट आम्हा इंजिनिअर मंडळींना सुचली नव्हती.

दंड नाही, अनामत नाही. फाटलं तर आणून द्यायचं, रविवारी चिकटपट्टी घेऊन सगळे मिळून डागडुजी करतो. जे पुस्तक सगळ्यात जास्त फाटतं त्याची दुसरी प्रत आणतो. पुस्तक न वाचता परत केलं तरी का म्हणून विचारायचं नाही, हा एकच नियम आम्ही पालकांसाठी केलाय.

हे लिहायचं कारण म्हणजे मी स्वतः लहानपणी एका वाचनालयात जायचो तिथे काउंटरपलीकडे मुलांना सोडायचे नाहीत. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचं. ज्याने पुस्तक बघितलंच नाही तो नाव काय लिहिणार? तीन वेळा चुकीचं पुस्तक घेऊन घरी आलो, चौथ्यांदा गेलोच नाही.

कर्वेनगरकर | १३ डिसेंबर, रात्री १०:१५

आठवडा झाला, म्हणून कळवते. रोज वाचतेय. आता भिंतीकडे तोंड नसतं.

आज शनिवार म्हणून त्याला घेऊन अप्पा बळवंत चौकात गेले. नेहमी मी एकटी जाऊन चांगली चांगली पुस्तकं निवडून आणायची. या वेळी त्याला सांगितलं, दोनशे रुपये तुझे, हवं ते घे. मी दारात उभी. गर्दी ही एवढी, नवनीतचे गठ्ठे, वह्यांची पोती, आणि हा खाली बसून सगळ्यात तळाच्या फळीतून पुस्तकं ओढतोय. दुकानदार काका काही बोलले नाहीत, उलट एक स्टूल दिलं. वीस मिनिटांनी त्याने घेतलं ते जेसीबीचं पुस्तक. गोष्टही नाही त्यात, नुसती यंत्रांची चित्रं आणि खाली एकेक ओळ. कागद चकचकीत, छपाई भडक. माझ्या हातात तोवर एक फार सुंदर चित्रांचं पुस्तक होतं. तोंडावर आलं होतं, "अरे, हे बघ ना." ओठ मिटून ठेवले.

घरी येताना रिक्षात त्याने विचारलं, "आई, 'खो' ला 'द' जोडून 'काम' म्हणजे खोदकाम ना?" मी म्हटलं हो. लकडी पूल येईपर्यंत तो चित्रातल्या बादलीचे दात मोजत होता.

धायरी_वाचनकट्टा | १३ डिसेंबर, रात्री १०:४०

जेसीबीचं पुस्तक आमच्याकडे तीनदा डागडुजीला आलंय!

बाणेरची_आई | १४ डिसेंबर, सकाळी ९:३०

पुस्तकांच्या खर्चाचं कुणी विचारेल म्हणून मला जे उपयोगी पडलं ते सांगते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मी आणि माझी आई दोघी लहान असतानाचे अंक काढून बघत बसलो, मुलगी मध्ये घुसली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह कितीतरी भाषांतली मुलांची पुस्तकं आहेत, वाचनाच्या चार पायऱ्या केल्यात. मुक्त परवाना असल्याने छापूनही घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं अजूनही खिशाला परवडतात. आणि आता फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव असतोच, २०२३ पासून दर डिसेंबरात होतोय. मुलांना घेऊन सकाळी जा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

सुट्टीत पाचगणीजवळच्या भिलारला जायचं ठरवतोय. २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालेलं. तिथे घराघरांत पुस्तकं ठेवलीत, आत जाऊन बसायचं आणि वाचायचं. कुणी सोबत येणार असेल तर सांगा.

वस्तीतली_ताई | १५ डिसेंबर, रात्री ११:२०

सगळं वाचलं. फार छान चाललंय. ज्या घरांत पुस्तक नाहीच, त्या मुलांबद्दल थोडं लिहू का?

नदीकाठच्या एका वस्तीत मी आणि दोन मैत्रिणी शनिवार-रविवार मुलांबरोबर गोष्टींचा तास घेतो. पंचवीस-तीस मुलं असतात, बरीचशी बांधकामावरच्या मजुरांची. सोलापूर, लातूर, नांदेडकडून आलेली. एक पुस्तक आणि तीस जोडी डोळे. आम्ही पुस्तक मुलांकडे तोंड करून धरतो आणि बाजूने वाकून वाचतो, मान अवघडते. पण एकदा गोष्ट लागली की मागची मुलं गुडघ्यांवर पुढे सरकत येतात, ते बघितलं की मान विसरायला होते.

एक अडचण मात्र सुटत नव्हती. पुस्तकातली घरं त्यांच्या घरांसारखी नाहीत, भाषाही नाही. ऐकायचे, पण वाचायला पुढे येत नसत. मग आम्ही उलटं केलं. मुलं सांगतील ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं, त्यांच्याच बोलीत, एक अक्षर न सुधारता. एका सात वर्षांच्या मुलीने सांगितलेली ही तिची पूर्ण गोष्ट :

"टँकर आलता. समदे पळाले. माझी बादली फुटकी हुती. म्या भोकाला बोट लावलं. घरापत्तुर बोट लावलं."

पाच वाक्यं, पाच पानं. तिने चित्रं काढली. मध्ये दुमडून सुईदोऱ्याने शिवलं, वर पुठ्ठा लावला, तिचं नाव घातलं. तिला तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस अक्षरं येत होती. पण 'भोकाला' हा शब्द कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक, कारण तो तिनेच सांगितला होता. तिने ते पुस्तक अख्ख्या वस्तीला वाचून दाखवलं, किराणा दुकानदारालासुद्धा. पुढच्या रविवारी अकरा मुलं रांगेत, आमचं पण पुस्तक करा म्हणून. आता अशी चाळीसच्या वर पुस्तकं झालीत आणि मुलं एकमेकांची वाचतात. त्यातूनच पुढे छापील पुस्तकांकडे वळली. काही अजून वळायचीत.

खडू_फळा | १६ डिसेंबर, संध्याकाळी ७:००

"घरापत्तुर बोट लावलं." किती वेळ झाला मी या वाक्यापाशीच आहे. ताई, ते पुस्तक माझ्या वर्गाला दोन दिवस द्याल का? जपून परत करेन.

वस्तीतली_ताई | १६ डिसेंबर, रात्री १०:०५

लेखिकेला विचारून सांगते.

(विचारलं. हो म्हणाली, पण पाणी सांडायचं नाही.)

रात्रपाळी | १८ डिसेंबर, पहाटे ४:४०

मुलीला टँकरची गोष्ट रेकॉर्ड करून पाठवली. आमच्याही वाडीत टँकर यायचा. तिने पुन्हा पुन्हा लावली आणि विचारलं, बाबा, बोट दुखलं नाही का तिचं?

कर्वेनगरकर | ४ जानेवारी, रात्री ९:५०

महिना झाला. तो अजून स्वतःहून पुस्तक घेऊन बसत नाही, जेसीबी सोडून. पण मी वाट बघत नाहीये आता, रोज वाचतेय. सध्या एक मोठी गोष्ट घेतलीय, रोज थोडी थोडी. आजोबांसारखं फर्मा फर्मा करून. दोन पानं झाली की बंद. "इथे नाही थांबायचं!" म्हणून आरडाओरडा होतो.

काल कामावरून दमून आले होते. वाचता वाचता डोळे मिटत होते, बोट मात्र सवयीने ओळीखालून चाललं होतं. कोल्ह्याचा प्रसंग होता. मी वाचलं, "आणि तो झुडपामागे लपला."

हा उठून बसला. माझं बोट धरून मागे नेलं आणि म्हणाला, "लपला नाही. हे बघ. द, ड, ला. दडला. आई, नीट वाच ना."

पेठेतले_आजोबा | ५ जानेवारी, पहाटे ५:४५

शाबास रे माझ्या राजा! ताई, तो कोल्हा पुढे सापडला का? आज पुढचा फर्मा वाचून झाला की कळवा, नात विचारतेय.